सकाळी अंग आखडते तेव्हा

आमच्या आत्याचे घर वाईला. जुना वाडा पडला, त्या जागी दोन मजली घर उभे राहिले, पण मागल्या पडवीत धुणे वाळत घालायची उंच दांडी मात्र आत्याने हट्टाने टांगून घेतली. अंगणातल्या दोरीवर कपडे टाकणे तिला पसंत नव्हते. साडीची घडी काठीच्या टोकावर घेऊन एका झोक्यात वर फेकायची आणि काठीनेच ती सरळ पसरायची, हे काम वयाच्या एकाहत्तराव्या वर्षापर्यंत तिने दुसऱ्या कोणाला करू दिले नव्हते. २०१८ ची दिवाळी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि नंतरच्या आठवड्यात एका सकाळी आत्याला कुशीवर वळता येईना. खांदे कोणीतरी दोऱ्यांनी बांधून ठेवल्यासारखे झाले होते. हाताचा आधार घेऊन उठावे तर हातच उचलत नव्हता. सुनेने धरून बसवले, तेव्हा मांड्या आणि कंबर अशी काही ठणकली की आत्याच्या डोळ्यांत पाणी आले.

त्यानंतरचे तीन महिने बहुतेक मराठी घरांत जसे जातात तसेच गेले. प्रत्येकाकडे एक कारण होते आणि प्रत्येकाकडे एक उपायही होता. दिवाळीत फराळाचे काम फार झाले, असे एकाचे मत. यंदा थंडीच जास्त आहे, असे दुसऱ्याचे. शेजारच्या काकूंनी निरगुडीचा पाला आणून दिला, कोणी तेल पाठवले. गावातल्या दवाखान्यात मानेचा एक्स-रे निघाला आणि मणक्यांत झीज असल्याचे निष्पन्न झाले. सत्तरी ओलांडलेल्या कोणाचाही एक्स-रे काढला तरी झीज दिसणारच, पण कागदावर काहीतरी लिहून आले याचेच घरच्यांना समाधान वाटले. गळ्याला पट्टा आला. वेदनाशामक गोळ्या आल्या, त्यांनी दुखणे थोडे कमी झाले आणि पित्त पुष्कळ वाढले. जीवनसत्त्वाची इंजेक्शने झाली. एवढ्या सगळ्यानंतर जे वाक्य उरले ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे : ‘वय झालं, आता असंच चालायचं.’

आत्याने ते वाक्य मान्य केले. या गोष्टीचे मला आजही वाईट वाटते. तिचे वजन उतरले होते, जेवणावरची वासना गेली होती, अंगात कणकण असायची आणि ती कोणाशी फारसे बोलत नव्हती. सकाळी दहा-साडेदहापर्यंत तिचे काही खरे नसे. दुपारनंतर मात्र ती हळूहळू घरात हिंडू लागायची, चार वाजता चहाही स्वतः करायची. पंचाईत अशी की सुनेला नोकरीवर जाण्याआधी जी आत्या दिसायची ती अंथरुणात, आणि संध्याकाळी परत आल्यावर दिसायची ती ओट्याशी. माणूस कितीही समजूतदार असला तरी अशा वेळी मनात शंका येतेच. ‘दुपारी बरं वाटतं, मग सकाळीच काय होतं?’ असे ती एकदा बोलून गेली. त्या घरात कोणी वाईट नव्हते. पण ज्याला शंका म्हणून बाजूला सारले, तोच या आजाराला ओळखण्याचा धागा होता.

फेब्रुवारीत आम्ही तिला साताऱ्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी एक्स-रेचे पाकीट उघडलेच नाही. म्हणाल्या, ‘आजी, उठल्यापासून अंग मोकळं व्हायला किती वेळ लागतो?’

आत्या म्हणाली, ‘कुकर होईपर्यंत.’

‘वेणी कोण घालतं?’

आत्या गप्प. मग खाली बघून म्हणाली, ‘सून घालते. आणि ब्लाउजसुद्धा तीच चढवते.’

हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते. बाईंनी तिला हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठायला सांगितले, दोन्ही हात डोक्याच्या वर न्यायला सांगितले. ते जेमतेम खांद्यापर्यंत गेले. दुखणे दोन्ही बाजूंना सारखे आहे ना, हे त्यांनी तीनदा विचारले. मग आणखी एक प्रश्न, जो तेव्हा आम्हाला विचित्र वाटला : ‘भाकरी चावताना जबडा दुखतो का? कपाळाच्या बाजूला, कानशिलाशी ठणकतं का?’ आत्याने नाही म्हटले, तेव्हा बाईंना हायसे वाटल्यासारखे दिसले. त्याचे कारण पुढे सांगतो.

या आजाराचे नाव पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका. नाव लांबलचक आहे आणि अर्थ अगदी साधा : पुष्कळ स्नायूंचे वाताचे दुखणे. पन्नाशीच्या आत तो जवळजवळ होतच नाही. सर्वांत जास्त आढळतो तो सत्तरीच्या आसपास, आणि पुरुषांपेक्षा बायकांत दुपटी-तिपटीने. मान, दोन्ही खांदे, दंडांचा वरचा भाग, कंबर, नितंब आणि मांड्या ही त्याची ठरलेली ठिकाणे. गुडघेदुखी वर्षानुवर्षे कुरकुरत वाढते, हा मात्र काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत माणसाला खाली बसवतो. कित्येक रुग्णांना दुखणे कोणत्या आठवड्यात सुरू झाले ते नेमके सांगता येते. आणि सकाळचा आखडलेपणा पाऊण तासाहून जास्त टिकतो, अनेकदा तासन् तास.

त्याची पहिली नोंद स्कॉटलंडमधल्या विल्यम ब्रूस या डॉक्टरने १८८८ साली केली. हवापालटासाठी आणि तिथल्या खनिज पाण्याच्या झऱ्यांसाठी लोक ज्या स्ट्रॅथपेफर गावी येत, तिथे त्याला असे पाच वृद्ध रुग्ण भेटले. त्याने या दुखण्याला जे नाव दिले त्यात ‘म्हातारपणाचा’ हा शब्द होता. म्हणजे ज्याने आजार ओळखला त्यालाही वयाचा उल्लेख टाळता आला नाही! आजचे नाव पडायला पुढे जवळपास सत्तर वर्षे लागली. ते १९५७ साली स्ट्युअर्ट बार्बर या ब्रिटिश डॉक्टरने सुचवले.

नावात स्नायू असले तरी मूळ बिघाड स्नायूंत नसतो, ही यातली गंमत. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे सीपीके नावाचे द्रव्य इथे वाढत नाही, स्नायूचा तुकडा काढून तपासला तरी तो धड निघतो. सोनोग्राफी केली की खरा प्रकार दिसतो : खांद्याच्या आणि खुब्याच्या सांध्यांभोवती वंगणासारख्या द्रवाच्या ज्या पिशव्या असतात त्यांना आणि सांध्यांच्या अस्तराला सूज आलेली असते. दुखणे तिथले, पण ते आसपासच्या मांसात पसरल्यासारखे भासते. म्हणूनच दंड चोळून फारसा उपयोग होत नाही. हात वर जात नाही तो दुखते म्हणून, ताकद गेली म्हणून नव्हे. ताकदच गेली असेल, म्हणजे न दुखताही जिना चढवत नसेल, तर डॉक्टर वेगळ्या आजाराचा शोध घेतात.

आणि सकाळीच का? शरीरातला दाह पेटता ठेवणारी काही रसायने असतात. त्यांतले इंटरल्युकिन-६ नावाचे एक या आजारात महत्त्वाचे मानले जाते. या रसायनांच्या पातळीला दिवस-रात्रीची लय असते. पहाटेच्या सुमारास ती चढतात आणि दिवस वर येतो तशी उतरतात. त्यात रात्रभराच्या हालचाल न करण्याची भर पडते. सुनेच्या प्रश्नाचे उत्तर हे असे रक्तात होते.

बाईंनी ज्या तपासण्या सांगितल्या त्यांत मुख्य दोन, आणि दोन्ही तालुक्याच्या गावीही होतात. एक ईएसआर. रक्त एका उभ्या नळीत तासभर ठेवायचे आणि तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचे, इतकी ही तपासणी साधी आहे. शंभर वर्षांपूर्वीची ही पद्धत अजून कामाला येते. शरीरात दाह असला की पेशी एकमेकींना चिकटून भराभर खाली बसतात. दुसरी सीआरपी, दाहाच्या वेळी यकृतात तयार होणारे एक प्रथिन. आत्याचा ईएसआर ८६ आला. त्या वयाच्या बाईला चाळिशीपर्यंतचा आकडा चालून जातो.

पण नुसता आकडा बघून हे निदान करता येत नाही, आणि इथे थोडे सबुरीने घ्यायला हवे. ईएसआर क्षयरोगात वाढतो, जंतुसंसर्गात वाढतो, रक्त कमी असले तरी वाढतो, आणि मल्टिपल मायलोमासारख्या कर्करोगातही वाढतो. म्हणून बाईंनी आणखीही बरेच काही तपासले : थायरॉइड, ड जीवनसत्त्व (आपल्याकडे उन्हाचा तुटवडा नाही, तरी या जीवनसत्त्वाचा आहे, आणि त्याच्या कमतरतेनेही मांड्या-कंबर दुखते), कॅल्शियम, मूत्रपिंडे, रक्तातली प्रथिने, छातीचा एक्स-रे, आमवाताची तपासणी. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन जातीची गोळी चालू आहे का, हेही विचारले, कारण त्या गोळ्यांनी काहींचे स्नायू दुखतात. उतारवयात सुरू होणारा आमवात आरंभी हुबेहूब या आजारासारखा दिसतो. मधुमेह्यांचा गोठलेला खांदा, कंपवाताची सुरुवात, हेही विचारात घ्यावे लागते. या यादीने घाबरून जाऊ नये. सांगायचे एवढेच, की ‘वय झालं’ या दोन शब्दांच्या मागे किती निरनिराळ्या गोष्टी लपून राहू शकतात, त्यांतल्या कित्येक बऱ्या होण्याजोग्या असतात आणि काही तातडीच्या असतात.

सगळे पाहून झाल्यावर आत्याला प्रेडनिसोलोन सुरू झाले, सकाळी न्याहारीनंतर १५ मिलिग्रॅम. युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५ साली मिळून जी मार्गदर्शक सूत्रे दिली त्यांत सुरुवातीचा डोस साडेबारा ते पंचवीस मिलिग्रॅम असा आहे. म्हणजे हा डोस मध्यमच. मी काही चमत्कारांवर विश्वास ठेवणारा नाही. पण तिसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला आणि त्याने काही न बोलता फोन आत्याकडे दिला. ती म्हणाली, ‘अरे, मी वेणी घातली.’

असा अनुभव वैद्यकाला नवा नाही. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोनचे पहिले इंजेक्शन दिले. काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच, त्यांचे सहकारी केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइशस्टाइन यांना नोबेल मिळाले. कौतुकाचा तो भर ओसरायच्या आतच भरमसाट डोसांचे दुष्परिणाम पुढे आले : सुजलेला चेहरा, ठिसूळ हाडे, वाढलेली साखर. स्टेरॉइड या शब्दाला जे भय चिकटले आहे ते तेव्हापासूनचे, आणि ते अगदी निराधार नाही.

आमच्याकडे त्या भयाने घोटाळा केलाच. तीन आठवड्यांनी भावाच्या एका मित्राने गोळीचे नाव वाचले आणि ‘हे स्टेरॉइड आहे, आईला कशाला देतोस?’ असे म्हणाला. भावाने कोणाला न विचारता गोळ्या बंद केल्या. हेतू चांगलाच होता. पाचव्या दिवशी आत्या पुन्हा अंथरुणाला खिळली. तेवढ्यावर भागले हे नशीब. बाहेरून स्टेरॉइड मिळू लागले की आपल्या मूत्रपिंडांवरच्या ज्या ग्रंथी ते द्रव्य स्वतः तयार करतात त्या सुस्तावतात. काही आठवडे घेतलेली गोळी एकाएकी तोडली तर शरीराची दोन्हीकडून अडचण होते. रक्तदाब घसरणे, उलट्या, गळून जाणे, आणि वेळप्रसंगी जिवावर बेतणे, इथपर्यंत मजल जाते. ही गोळी सुरू करण्यापेक्षा थांबवण्याला अधिक अक्कल लागते.

गंमत म्हणावी की दुर्दैव, कळत नाही. ज्या घरांत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे स्टेरॉइड विष वाटते, त्याच घरांत सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या श्रद्धेने घेतल्या जातात. पुडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी उड्या मारल्या, ही कीर्ती गावोगावी पसरते. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले निघाल्याची उदाहरणे आपल्या देशात वारंवार समोर आली आहेत. किती मिसळले ते देणाऱ्यालाही ठाऊक नसते, डोस उतरवण्याचा प्रश्नच नाही, साखर कोणी तपासत नाही. एका बाजूला मोजून दिलेल्या औषधाची भीती आणि दुसऱ्या बाजूला न मोजलेल्या त्याच औषधावर भरवसा. या दोहोंमध्ये आपले म्हातारे सापडले आहेत.

मोजून घ्यायचे म्हणजे काय, ते आत्याच्या वहीत नीट लिहिलेले आहे. महिना-दोन महिन्यांत गोळी १० मिलिग्रॅमवर आली. त्यानंतर साधारण दर चार आठवड्यांनी एकेक मिलिग्रॅम कमी. ६ वर आल्यावर दुखणे पुन्हा डोकावले, तेव्हा डोस थोडा वाढवून पुन्हा सावकाश उतरवला. असे उलटणे या आजारात नेहमीचे आहे, त्याने औषध हरले असे होत नाही. बहुतेकांना एक ते दोन वर्षे, काहींना त्याहून जास्त काळ औषध लागते. या काळात साखर आणि रक्तदाब तपासत राहणे, मोतीबिंदू व काचबिंदूसाठी डोळे दाखवणे, हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरजेप्रमाणे हाडे टिकवणारी गोळी, हे सगळे उपचाराचाच भाग असते. ताप आला, शस्त्रक्रिया ठरली तर स्टेरॉइड चालू असल्याचे आधी सांगायचे. आत्याने तशी चिठ्ठी लिहून पर्समध्ये ठेवली होती. आणि सोबत रोजचे चालणे. भरल्या घरात पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाचे स्नायू आजाराने जात नाहीत तेवढे पडून राहण्याने जातात.

ज्यांना ही गोळी सोसत नाही किंवा कमी करताच येत नाही त्यांच्यासाठी मेथोट्रेक्सेट पूर्वीपासून वापरतात. इंटरल्युकिन-६ ला अडवणाऱ्या सारिलुमॅब या इंजेक्शनाला अशा रुग्णांसाठी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२३ साली मान्यता दिली. ते महाग आहे, आणि पहिले औषध अजून तीच जुनी, स्वस्त गोळी.

आता जबड्याच्या त्या प्रश्नाकडे येतो. पॉलिमायाल्जियाच्या दर शंभर रुग्णांत सुमारे दहा ते वीस जणांना त्याच्या जोडीचा एक आजार होतो, जायंट सेल आर्टरायटिस. यात कानशिलाच्या आणि डोळ्यांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजतात आणि आतली वाट अरुंद होते. डोके पूर्वी कधी दुखले नाही असे दुखते, कंगवा फिरवताना डोक्याची कातडी हुळहुळते, चावता चावता जबडा दमून दुखू लागतो, क्षणभर एका डोळ्यासमोर पडदा येतो किंवा एकाची दोन दिसतात. यांतले काहीही झाले तर उद्याची अपॉइंटमेंट घेऊ नये, त्याच दिवशी, रात्र असेल तर त्या रात्री रुग्णालय गाठावे. मोठ्या डोसाचे स्टेरॉइड लगेच द्यावे लागते, रक्तवाहिनीचा तुकडा तपासायचा असला तरी त्यासाठी औषध अडवून ठेवत नाहीत. गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही, आणि एक डोळा गेल्यावर उपचार नसेल तर दुसराही थोड्याच दिवसांत जाऊ शकतो. साताऱ्याच्या बाईंनी पुढे प्रत्येक भेटीत आत्याला भाकरीबद्दल विचारले. शेवटी शेवटी त्यांनी तोंड उघडण्याआधीच आत्या सांगून टाकायची, ‘जबडा ठीक आहे हो!’

पॉलिमायाल्जिया सर्वाधिक आढळतो तो उत्तर युरोपात, स्कँडिनेव्हियाच्या देशांत, आणि तिथले लोक ज्या भागांत जाऊन वसले त्या अमेरिकेच्या मिनेसोटासारख्या भागांत. आपल्याकडे तो कमी दिसतो. पण ज्या आजाराची तक्रारच स्वयंपाकघराच्या दाराबाहेर जात नाही, तो नोंदीत कमीच दिसणार, असेही माझ्या मनात येते. आपली म्हातारी माणसे, त्यातून बायका, दुखणे सांगत नाहीत. विचारले तर ‘बरंय’ म्हणतात. तेव्हा कसे आहे हे विचारण्याऐवजी हात पाठीमागे जातो का, केस कोण विंचरते, रात्री कूस बदलताना जाग येते का, अंघोळीचा तांब्या डोक्यावर नेता येतो का, हे विचारावे. सकाळी विचारावे. दुपारी चार वाजता विचारले तर उत्तर वेगळे येईल.

आत्याची गोळी २०२१ च्या मार्चमध्ये पूर्ण थांबली. दोन वर्षांत साखर थोडी वाढली होती, ती औषध बंद झाल्यावर उतरली. एक मोतीबिंदू काढावा लागला, तो स्टेरॉइडचा की वयाचा, यावर घरात अजून दोन पक्ष आहेत. आजारपणात सुनेने, सासूबाईंना त्रास नको म्हणून, पडवीतली दांडी हातभर खाली घेतली होती. आत्या त्याबद्दल तेव्हा काही बोलली नव्हती. गोळी थांबल्यावर तिने सुताराला बोलावले, जुनी आकड्यांची भोके दाखवली आणि दांडी परत वर चढवून घेतली. सून म्हणाली, ‘आई, आता मलाच पुरत नाही ती.’ आत्याने तिच्या हातात काठी दिली.